गंगेत सोडलेला मोती

मी डूख धरते. आई म्हणायची, प्रमोदिनीला काही बोललात तर ती दोन दिवसांत विसरेल, पण तिच्या जवळच्या माणसाला बोललात तर म्हातारी होईपर्यंत लक्षात ठेवील. झाले म्हातारी, आणि लक्षातही ठेवलं. माफ करणाऱ्या माणसांचं लोक फार कौतुक करतात. मला ती माणसं थोडी आळशी वाटतात.

परभणीला समुद्र नाही. मी मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, पण समुद्र पाहिला तो नकाशात निळा रंग भरण्यापुरता. तरीही वसमत रोडवरच्या आमच्या घरात, मिसळणाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, जिथं मोहरी-जिरं असायचं त्या वाट्यांमध्ये समुद्रातले मोती आहेत. ते माझ्या धाकट्या भावानं, मुकुलनं, आणून दिलेले. तो मालवाहू जहाजावर इंजिनच्या खात्यात होता. जहाज जिथं लागेल तिथल्या पाणबुड्यांशी दोस्ती करायचा आणि त्यांच्याकडून हे मोती मिळवायचा.

हैदराबादी हारातले पांढरे, गोल मोती डोळ्यांपुढे आणू नका. ॲबलोन नावाची एक समुद्री गोगलगाय असते. खडकाला चिकटून बसते, पाठीवर एकच शिंप, माणसाच्या कानाच्या आकाराची. हजारोंत एखादीच्या पोटात आपसूक मोती धरतो. तो गोल नसतोच. कुठला दाढेसारखा, कुठला शिंगासारखा, बऱ्याचदा आतून पोकळ आणि बुडाशी बारीक भोक असलेला. पण रंग असा की मोराच्या मानेचा निळा, हरभऱ्याच्या घाट्याचा हिरवा आणि जरा फिरवला की जांभळा. सकाळचं तिरकं ऊन ओट्यावर आलं की मी डबा उघडते आणि एकेक वाटी उन्हात सरकवते. आमचे हे म्हणतात, चहा उतू चाललाय. जाऊ दे की, चहा रोजच होतो.

डब्यातली मधली वाटी मात्र मी बारा-तेरा वर्षं रिकामी ठेवली होती. तिच्यातला मोती अण्णासाहेबांनी गंगेत सोडला होता.

अण्णासाहेब म्हणजे माझे थोरले दीर. कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते, पण त्यांची खरी कचेरी घरी भरायची. पत्रिका बघायची, कुणाला पुष्कराज, कुणाला पोवळं सांगायचं, आणलेला खडा खरा की खोटा ते ठरवायचं. त्यांनी खोटा म्हटलेला खडा परभणीत कुणी अंगठीत बसवला नसता. मलाही त्यांनी एकदा मोती घालायला सांगितलं होतं. मोत्यानं राग शांत होतो म्हणे.

मुकुलचं लग्न पूर्णेच्या ईश्वरीशी ठरलं. तिचे वडील बन्सीधरराव रेल्वेत गार्ड होते. साखरपुडा आमच्याच घरी, याच बैठकीत होता. मुकुलनं ईश्वरीसाठी त्याच्याकडचा सगळ्यात मोठा ॲबलोन मोती काढून ठेवला होता. मिरचीसारखा वाकडा, टोकाला गुलाबी रेघ, आणि पाणी तर असं की बघताना बोलणं विसरावं. त्या एका मोत्यासाठी तो कोरियाच्या कुठल्याशा बेटावर दोन सुट्ट्या घालवून आला होता. आदल्या संध्याकाळी तो त्यानं सगळ्यांना दाखवला. बन्सीधररावांनी कधी असलं काही पाहिलं नव्हतं, मी तरी कुठं पाहिलं होतं! ते म्हणाले, "अण्णासाहेबांनी एकदा नजरंखालून घातला म्हंजे बरं."

अण्णासाहेबांची रीत ठरलेली होती. कुंकू लावलेल्या अक्षता वाटीत घ्यायच्या, मोती त्यांत पुरायचा, रात्रभर देवापुढे ठेवायचा. सकाळी पाणी तसंच राहिलं तर खरा, उतरलं तर खोटा. पाणी उतरलं की नाही हे अर्थात अण्णासाहेबांनीच बघायचं.

सकाळी सगळी माणसं जमल्यावर त्यांनी वाटी बाहेर आणली आणि मोती दोन बोटांत धरून निकाल दिला. "खोटा आहे. मोती पांढरा असतो, लय झालं तर पिवळसर. असला मोरपंखी मोती कोणत्या शास्त्रात सांगितलाय? काचेवर रंग चढवलाय. चारमिनारापाशी असला माल ढिगानं बघितलाय मी."

मुकुल समजावून सांगायला लागला. गोगलगाय म्हणाला तेव्हा बायका पदराआड हसल्या. अण्णासाहेब म्हणाले, "गोगलगाईच्या पोटात मोती! उद्या झुरळाच्या पोटात माणिक सांगशील." मग बाप्येही हसले. आमचे हे मूग गिळून बसले होते. थोरल्या भावापुढे यांनी कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही.

मी मोती अण्णासाहेबांच्या हातातून घेतला. मुकुल लहान मुलांच्या कानाशी मोती धरून सांगायचा, ऐक, आत समुद्र आहे. तसाच मी तो कानाशी नेला, काय करावं हे सुचेना म्हणून. आत काहीतरी कुळकुळलं. आदल्या दिवशी तो वाजत नव्हता. बुडाच्या भोकातून अक्षतेचा एक दाणा आत गेला होता आणि वाकड्या पोटात अडकून बसला होता. मी कुणाला काही सांगितलं नाही. भावाची अब्रू चाललेली असताना तांदळाची काय गोष्ट करायची?

"आमी साधी माणसं," बन्सीधरराव उठत म्हणाले. "ज्याचा मोती खोटा, त्याची नोकरी तरी खरी कशावरून?" पूर्णेची मंडळी दुपारच्या गाडीनं परत गेली. ती निघायच्या आधी, त्यांच्यादेखतच अण्णासाहेबांनी मोती माझ्या हातातून काढून घेतला. "असली वस्तू घरात राहू देऊ नये. मी स्वतः गंगाखेडला जाऊन गंगेत सोडतो," म्हणाले. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. सगळ्यांनी वर त्यांचे आभार मानले.

पुढं मी ॲबलोनविषयी मिळेल ते वाचलं. मोठ्या शहरांत मोती तपासून देतात हेही कळलं. पण तपासायला न्यायचा तर मोती गंगेच्या तळाशी. मुकुलला परभणीत लोक 'गोगलगाय' म्हणायला लागले. त्याच्या लग्नाचं कुणी परत नाव काढलं नाही. ईश्वरी दुसरीकडे संसाराला लागली, सुखात आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मुकुल पुढं जहाज सोडून कोचीच्या गोदीत नोकरीला लागला. तो माणसांकरवी मला मोती पाठवत राहिला, स्वतः कधी आला नाही. आई गेली तेव्हा दहाव्याला आला तो थेट गंगाखेडच्या घाटावर. विधी झाल्यावर ओल्या धोतरानं पायरीवर बसला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "ताई, इथंच कुठंतरी असेल ना गं आपला मोती?" तिथूनच तो परत गेला. त्या दिवशी मी ठरवलं की अण्णासाहेबांच्या तोंडून, त्याच माणसांपुढे, एकच वाक्य वदवून घ्यायचं. मुकुलचा मोती खरा होता. ते कसं जमणार हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

यंदा ते अण्णासाहेबांनीच जमवून दिलं.

त्यांच्या नातीचं, अबोलीचं, लग्न ठरलं. पोर गुणाची आहे, पुण्याला नोकरी करते, मला धाकटी आजी म्हणते. तिनं घराच्या ग्रुपवर लग्नातल्या दागिन्यांचे फोटो टाकले. त्यात एक लोलक होता. सोन्याच्या टोपीत बसवलेला मिरचीसारखा वाकडा मोती, मोरपंखी, टोकाला गुलाबी रेघ. खाली अण्णासाहेबांनी लिहिलं होतं, 'आपल्या घराण्याचा निजामकालीन मोती. माझ्या आजोबांना हैदराबादच्या एका नवाबानं खूश होऊन दिलेला.' त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांगच लागली होती.

मी फोन ओट्यावर ठेवला आणि पाणी प्यायले. मग पुन्हा बघितलं. ज्यांनी तो मोती एक संध्याकाळ आणि एक सकाळ पाहिला होता, त्यांच्या काय लक्षात राहणार? त्यांना रंग आठवत असेल तर असेल. पण रोज सकाळी मोती बघणाऱ्या बाईला दोन मोत्यांतला फरक कळतो, आणि एकाच मोत्यातला सारखेपणाही. मला इतका आनंद झाला की मी यांना न सांगता शिरा केला.

ग्रुपवर बोंब मारता आली असती. पण अण्णासाहेब म्हणाले असते, दिसायला सारखा असेल, आणि लोकांनी मानही डोलावली असती. तेव्हा मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि अबोलीला केळवणाचं आमंत्रण दिलं. येताना तो लोलक घालून ये, म्हटलं. तेव्हाची जी माणसं हयात होती ती सगळी बोलावली. बन्सीधररावांना स्वतः फोन केला. ते चकित झाले, पण अण्णासाहेबांची नात म्हटल्यावर हो म्हणाले. अजूनही नातवंडांचे खडे ते अण्णासाहेबांनाच विचारायचे.

केळवणाला मी पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भजी, सगळं केलं. अण्णासाहेबांच्या पोळीवर तूप हात सैल सोडून वाढलं. कापायच्या आधी बोकडालाही हार घालतात.

"प्रमोदिनी, तुझ्या हातच्या पुरणाला तोड नाही," ते म्हणाले.

"घ्या ना अजून," मी म्हटलं.

जेवणं झाली. अबोलीला ओवाळून साडी दिली. सगळे बैठकीत विडे घेऊन बसले तेव्हा मी म्हटलं, "अण्णासाहेब, त्या मोत्याची हकिगत सांगा ना. आमच्या घरातला मोती आणि आम्हालाच माहीत नाही."

ते खुशीत आले. नवाब, शिकार, आजोबांची हुशारी, भर दरबारात झालेला गौरव, सगळं सांगून झालं. मी विचारलं, "पण खरा कशावरून? मोती तर पांढरा असतो म्हणतात."

"मी सांगायलोय ना!" ते चिडले. "समुद्रातल्या गोगलगाईचा मोती आहे हा. लय दुर्मीळ. निळा-हिरवाच असतो. अस्सल, नैसर्गिक, माणसाचा हात न लागलेला."

बन्सीधररावांनी विडा चघळायचा थांबवला. गोगलगाय हा शब्द त्यांच्याही कानात कुठंतरी राहिलेला असणार.

"म्हणजे तुमच्या रीतीनं अक्षतांत ठेवून बघितलाच असेल," मी म्हटलं.

"छे छे! घराण्याच्या मोत्याची परीक्षा घेतात का? पिढ्यान् पिढ्या तिजोरीत होता. गेल्या महिन्यात पहिल्यांदा काढला, सोनारानं बूड लाखेनं भरून टोपी बसवली, बस्स. अक्षतेचा दाणा शिवलेला नाही त्याला."

मला एवढंच हवं होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण अण्णासाहेबांच्या मनात तेही नव्हतं. ते विसरूनच गेले होते.

"अबोली, तो लोलक कानाशी धरून हलव बघू."

तिनं हलवला. तिचे डोळे मोठे झाले. "वाजतंय आत काहीतरी!" लोलक एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे फिरला. बायकांनी ऐकला, बाप्यांनी ऐकला. बन्सीधररावांनी दोन्ही कानांशी धरून ऐकला.

"मोत्याचाच खडा असेल," अण्णासाहेब म्हणाले. "जुन्या मोत्यांत असतं तसं."

"मग बघू की उघडून."

"उघडायचं काय त्यात? शुभकार्याचा दागिना आहे, प्रमोदिनी. काहीतरी अभद्र करू नकोस."

अबोलीनं लोलक गळ्यातून काढला. "आजोबा, गळ्यात मी घालायलेय. माझ्या मोत्यात काय वाजतंय ते मला बघायचंय. उघडा, धाकटी आजी."

मी कढत पाण्याची वाटी आणली. मोती रुमालात धरून नुसती टोपी पाण्यात बुडवली. लाख मऊ व्हायला वेळ लागला. टोपी मी हलकेच फिरवून काढली, मोत्याला ओरखडा उठू दिला नाही. सूड वेगळा आणि मोती वेगळा. मग काडीनं लाख कोरली आणि मोती अबोलीच्या तळहातावर उपडा करून टिचकी मारली. आधी लाखेचा चुरा पडला. दुसऱ्या टिचकीला एक तांदूळ पडला. कुंकू विटलं होतं, पण लाल ते लालच.

"अण्णासाहेब," मी विचारलं, "नवाबाकडे अक्षता टाकायचे का हो?"

बन्सीधरराव काठी टेकत अबोलीपाशी आले, तांदूळ बघितला, मोती बघितला. "ह्यो त्योच मोती हाय," ते म्हणाले. "त्या पोराचा. रातभर तुमच्या देवापुढं अक्षतात होता. तुमी गंगंत सोडतो म्हनालात."

"सोडायलाच गेलो होतो," अण्णासाहेबांचा आवाज इतका बारीक झाला की मागची माणसं पुढं सरकली. "देवाशपथ. घाटावर हातात घेतला, ऊन पडलं त्याच्यावर. असलं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. सोडवेना. पुढं हैदराबादला दाखवला, तेव्हा कळलं खरा आहे म्हणून."

"कळलं ना? मग आल्यावर तोंड का नाही उघडलंत?"

"शब्द गेला होता, प्रमोदिनी. एकदा खोटा म्हटलेला खरा कसा म्हणणार? माझ्याकडे कोण आलं असतं?"

मी घाटावर बसलेल्या मुकुलची ओली पाठ आठवली. हा माणूस त्या दिवशी दहाव्याला आमच्या शेजारी उभा होता. मोती त्याच्या तिजोरीत होता आणि तो माझ्या भावाला म्हणाला होता, बाळ, मन घट्ट कर. मला त्या क्षणी त्यांना मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. उगारायचा तो हात मी फोन लावायला वापरला.

मुकुलचा चेहरा पडद्यावर आला. मागं गोदीतली क्रेन दिसत होती. मी फोन अण्णासाहेबांपुढे धरला. "म्हणा."

"काय म्हणू?"

"तुम्हाला माहीत आहे."

ते खाली बघत पुटपुटले, "मुकुल, तुझा मोती खरा होता."

"मोठ्यानं. तेव्हा मोठ्यानं म्हणाला होतात."

"मुकुलचा मोती खरा होता!" ते ओरडले आणि मटकन खाली बसले. आमचे हे त्यांना धरायला उठले. मी यांच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा हे परत बसले.

मुकुलला आधी काही कळेना. मी मोती दाखवला तेव्हा कळलं. मला वाटलं आता शिव्या देईल, मी वाटच बघत होते. तो म्हणाला, "ताई, जरा उन्हात धर ना." मी खिडकीशी जाऊन मोती उन्हात फिरवला. "पाणी तसंच आहे गं," तो म्हणाला, आणि मग रडायला लागला. डोळे पुसून म्हणाला, "अण्णासाहेबांना काही बोलू नकोस आता. वय झालंय. जाऊ दे."

मुकुलनं जाऊ दिलं. त्याचा मोती, त्याची मर्जी. मी नाही जाऊ दिलं.

अबोलीनं मोती आपण होऊन माझ्या हातात ठेवला. ती मुकुलची माफी मागत होती, तिचा काय दोष! मी डब्यातला दुसरा, हरभऱ्याच्या घाट्याच्या रंगाचा मोती तिला दिला आणि सोनाराकडून त्याच टोपीत बसवून घेतला. पोखर्णीला नरसिंहाच्या दारात लग्न झालं तेव्हा तिच्या गळ्यात तोच होता. बन्सीधररावांनी मुकुलला फोन केला म्हणे, काय बोलले ते मुकुल सांगत नाही. अण्णासाहेबांच्या बैठकीत आता खडे घेऊन कुणी येत नाही. ते पेपर वाचत बसतात.

केळवणाच्या दिवशी सगळे गेल्यावर ते दारातून परत फिरले होते. म्हणाले, "तो तांदूळ तेवढा दे. गंगेत सोडून येतो. विषय संपेल."

"तुमच्या हातून गंगेपर्यंत काही पोचत नाही, अण्णासाहेब," मी म्हटलं आणि दार लावलं.

मोती आता मधल्या वाटीत आहे. शेजारच्या वाटीत दुसरं काही नाही, फक्त तो तांदूळ आहे. घरी आलेलं माणूस मोती बघायला मागतं तेव्हा मी डबा उन्हात सरकवते. आधी तांदूळ दाखवते, मग मोती.